चार चाकांची ओढ आणि कोरडी सडक

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करासाठी ज्या जीप गाड्या तयार झाल्या, त्यांच्या चालकासमोरच्या फळीवर धातूची एक लहानशी पट्टी बसविलेली असे. कोणती दांडी कोणीकडे ढकलावी याची आकृती तिच्यावर होती आणि आकृतीबरोबर एक सूचनाही होती. कोरड्या व टणक सडकेवरून गाडी चालविताना पुढच्या आसाची जोडणी सोडून द्यावी, असा त्या सूचनेचा आशय होता. या गाडीची कीर्ती जगभर झाली ती मुख्यतः तिची चारही चाके इंजिनाच्या जोरावर फिरतात म्हणून. आणि तिच्या कर्त्यांनीच चालकाला बजावून ठेवावे की, चांगला रस्ता लागताच दोन चाकांचा जोर काढून घ्या! वरवर पाहता हे विचित्र वाटते. चिखलात जी योजना गाडीला तारते तीच डांबरी सडकेवर बाधक का व्हावी? या प्रश्नाची कथा यंत्रविद्येच्या इतिहासातील एक उद्बोधक कथा आहे. ज्यांच्या दारात आज चार चाकांच्या ओढीची गाडी उभी आहे, त्यांनी तर ती अवश्य जाणून घ्यावी अशी आहे.

बैलगाडीच्या चाकाला ही अडचण कधी आली नाही. तिचा आस गाडीला पक्का असतो आणि दोन्ही चाके त्याच्या टोकांवर आपापली मोकळी फिरतात. गाडी वळू लागली की बाहेरच्या अंगाचे चाक अधिक फिरते, आतल्या अंगाचे कमी फिरते. एकाचा दुसऱ्याला अडथळा होत नाही. हे साधते याचे कारण इतकेच की, बैलगाडीत ओढण्याचे काम बैलांचे असते, चाकांचे नसते. वाफेच्या आणि पुढे पेट्रोलच्या गाडीत मात्र ओढण्याचे काम चाकांवरच येऊन पडले. दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवून तो आस इंजिनाने फिरविला, तर दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. आणि वळणावर तर दोघांचा मार्ग सारखा नसतो. हात धरून चालणारी मुलांची रांग कोपऱ्यावर वळते तेव्हा बाहेरच्या मुलाला जवळजवळ धावावे लागते आणि आतला मुलगा जागच्या जागी पाय वाजवीत राहतो. दोघांनी सारखीच पावले टाकावीत असा हुकूम सुटला, तर रांग तरी मोडेल किंवा कोणाचा तरी हात निखळेल.

या अडचणीवर तोड काढली ती पेकर नावाच्या फ्रेंच कारागिराने. मूळचा घड्याळजी असलेल्या या गृहस्थाने १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी दंतचक्रांची एक जुळणी तयार करून तिचे पेटंट घेतले. पुढे १८७७ मध्ये इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे जेम्स स्टार्ली याने हेच तत्त्व तीनचाकी सायकलीला लावले. मोटारीच्या कारखान्यात आणि रस्त्याकडेच्या गॅरेजातही ज्याला डिफरन्शियल म्हणतात, तेच हे यंत्र. त्याचे कार्य असे की, इंजिनाकडून आलेले फेरे ते दोन्ही चाकांना मिळून देते. कोणी किती घ्यावेत हे मात्र रस्त्यावर सोपविते. एका चाकाने दहा फेरे जास्त घेतले, तर दुसरे दहा कमी घेते. सरासरी कायम राहते. फेरे असे कमीअधिक होत असले, तरी जोर मात्र दोन्ही चाकांना सारखाच पोहोचतो. या समन्यायातच त्याचे गुण आणि दोष दोन्ही साठविलेले आहेत. एक चाक चिखलात सापडून गरगर फिरू लागले, तर त्याला लागणारा जोर नाममात्र असतो. आणि तितकाच नाममात्र जोर पक्क्या जमिनीवरील दुसऱ्या चाकालाही मिळतो. गाडी जागेवरून हलत नाही.

चारही चाकांनी गाडी ओढावी ही कल्पना अशा अनुभवांतूनच पुढे आली. चाक जमिनीला किती धरील हे त्याच्यावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. गाडीचा सगळा भार ओढणाऱ्या चाकांवरच यावा, असे वाटत असेल तर सगळीच चाके ओढणारी करणे हाच मार्ग उरतो. इंग्लंडात ब्रामा डिप्लॉक याने १८९३ मध्ये चारही चाकांनी ओढणाऱ्या वाफेच्या गाडीचे पेटंट घेतले. १९०० मध्ये तरुण फर्डिनंड पोर्श याने व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यात विजेवर चालणारी एक गाडी बांधली. तिच्या चारही चाकांच्या तुंब्यांत एकेक विद्युत्‌-मोटर बसविलेली होती. १९०३ मध्ये हॉलंडातील स्पायकर बंधूंनी पेट्रोलच्या सहा सिलिंडरी इंजिनाची चार चाकी ओढीची मोटार तयार केली. ती गाडी आजही हेग येथील लाउमन संग्रहालयात पाहावयास मिळते.

परंतु चारही चाकांना जोर पोहोचविताच जुनी अडचण नव्या रूपात उभी राहिली. उजव्या-डाव्या चाकांतला भेद डिफरन्शियलने मिटविला होता. आता पुढच्या आणि मागच्या आसांत भेद निर्माण झाला. सामान्य मोटारीत वळतात ती पुढची चाके; मागची त्यांच्यामागून आतल्या अंगाने वळण कापीत येतात. पावसात ओल्या झालेल्या अंगणात मोटार वळवून मग चाकोऱ्या पाहिल्या, तर दोन नव्हे, चार निरनिराळ्या रेषा उमटलेल्या दिसतात. म्हणजे चार चाके चार वेगवेगळ्या वर्तुळांवरून जातात आणि पुढच्या जोडीला मागच्या जोडीपेक्षा लांबचा पल्ला पडतो.

हा फरक किती असतो, याचा हिशेब शाळेतील भूमितीने करता येतो. दोन आसांत सुमारे दोन मीटर आणि उजव्या-डाव्या चाकांत सुमारे सव्वा मीटर अंतर असलेली जीपसारखी आखूड गाडी घ्या. तिच्या मागच्या आसाचा मध्य पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून फिरतो आहे असे समजा. मग पुढच्या दोन चाकांच्या मार्गांची सरासरी त्रिज्या जवळजवळ ५.४ मीटर येते. म्हणजे पुढच्या आसाला शेकडा आठाच्या आसपास अधिक फेरे घ्यावे लागतात. काटकोनातील एका वळणात हा फरक ६० सेंटिमीटरांचा होतो आणि गाडीने पुरते वर्तुळ केले तर अडीच मीटरांच्या घरात जातो. जीपच्या चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर असतो. तेव्हा एका पूर्ण वळणात पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा एका फेऱ्याहून अधिक चालावे लागते.

आता पुढचा आणि मागचा आस एकाच शाफ्टने घट्ट जोडलेला असेल, तर हा जादा फेरा पुढच्या चाकांनी आणावा कोठून? रस्ता त्यांना सांगतो, लवकर फिरा; शाफ्ट सांगतो, मागच्यांइतकेच फिरा. पुढची चाके मग ओढण्याऐवजी ब्रेकसारखी अडू लागतात आणि त्यांचा अडथळा भरून काढण्यासाठी मागच्या चाकांना अधिक जोर करावा लागतो. ज्या चार चाकांनी मिळून गाडी न्यावयाची, ती एकमेकांविरुद्ध झगडू लागतात. या झगड्याचा ताण शाफ्ट, दंतचक्रे आणि सांधे यांच्यावर पडतो. ओल्या धोतराला पिळा पडावा तसा सगळ्या जोडणीला पीळ पडतो. स्टिअरिंग जड होते, गाडी सरळच जाऊ पाहते, टायर करकरतात. आणि ताण अनावर झाला की एखादे चाक झटक्यासरशी घसरून किंवा उसळून त्यातून सुटका करून घेते. ते घसरले नाही, तर पीळ वाढत जातो आणि शेवटी जो भाग दुबळा तो तुटतो. पुष्कळदा जोडणी सोडविणारी दांडीच जाम होऊन बसते. अशा वेळी जाणते चालक गाडी सरळ रेषेत काही फूट मागे घेतात. पीळ उलगडतो आणि दांडी मोकळी होते.

चिखल, वाळू किंवा बर्फ यांवर हा प्रसंग ओढवत नाही. तेथे चाकाखालची भूमीच थोडी सरकते, चाक सहज घसरते आणि फेऱ्यांचा हिशेब आपोआप पुरा होतो. कोरडी सडक अशी सवलत देत नाही. ती चाकाला घट्ट धरते, आणि तिचा हा गुणच जखडलेल्या चार चाकांना जाचक ठरतो. सरळ रस्त्यावरही पूर्ण सुटका नसते. ७० सेंटिमीटर व्यासाच्या टायरांपैकी मागची जोडी झिजून तिचा व्यास एका सेंटिमीटरने कमी झाला असेल, तर दर किलोमीटरला जवळजवळ १४ मीटरांचा फरक साचू पाहतो. म्हणून अशा गाडीचे चारही टायर एकाच मापाचे, सारख्या झिजेचे आणि सारख्या हवेचे असावेत, असा दंडक आहे.

ही अडचण सर्वांत आधी ज्यांना मोठ्या प्रमाणावर भोगावी लागली ते पहिल्या महायुद्धातील मालमोटारींचे कर्ते होत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात क्लिंटनव्हिल नावाचे एक गाव आहे. तेथील ओटो झाखो आणि विल्यम बेसरडिक या मेहुण्यांनी १९०८ च्या सुमारास चार चाकी ओढीची जोडणी सिद्ध केली. त्यांच्या कंपनीच्या तीन टनी मालमोटारीत पुढच्या आणि मागच्या आसांच्या मध्ये एक तिसरे डिफरन्शियल होते. चिखल लागला की ते जखडून टाकता येई. त्याच राज्यातील केनोशाच्या जेफरी कारखान्याने १९१३ मध्ये निराळा मार्ग काढला. त्याच्या क्वाड नावाच्या मालमोटारीची चारही चाके स्टिअरिंगबरोबर वळत. मागची चाके पुढच्यांच्याच चाकोरीतून येत असल्यामुळे पुढच्या-मागच्या मार्गांतील फरकच नाहीसा होई. एकाने फरक मान्य करून त्याला वाट करून दिली. दुसऱ्याने फरकाचे मूळच काढून टाकले. फ्रान्सच्या चिखलात या दोन्ही प्रकारच्या हजारो गाड्यांनी तोफा आणि दारूगोळा वाहिला.

जीपचे उत्तर तिसरे होते आणि ते युद्धाच्या घाईतून आले. १९४० च्या जुलैत अमेरिकन लष्कराने हलक्या टेहळणी-गाडीची मागणी केली आणि मुदत दिली अवघ्या ४९ दिवसांची. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने बँटम कंपनीसाठी तिचा आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिली गाडी होलबर्डच्या लष्करी तळावर हजर झाली. पुढे विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. वजन, खर्च आणि वेळ वाचविणे हे तेव्हाचे मुख्य धोरण. म्हणून तिसरे डिफरन्शियल गाळण्यात आले आणि त्याच्या जागी एक दांडी ठेवण्यात आली. दांडी एकीकडे असली की फक्त मागची चाके ओढतात, दुसरीकडे ढकलली की चारही घट्ट जोडली जातात. यंत्राने करावयाचा विवेक चालकावर सोपविला गेला आणि त्या विवेकाची आठवण धातूच्या पट्टीवर कोरली गेली.

हीच जीप स्वातंत्र्याच्या आगेमागे भारतात स्थिरावली. मुंबईत महिंद्र कंपनीने विलिसच्या परवान्याने ती जोडण्यास प्रारंभ केला आणि पाहता पाहता जंगलखाते, बांधकामखाते, विकास-गटांच्या कचेऱ्या यांची ती नित्याची गाडी झाली. गोव्यात कुळेंहून दूधसागरकडे जाणाऱ्या जंगलवाटेवर, ओढ्यांच्या पाण्यातून प्रवाशांना नेणाऱ्या जीपगाड्या याच वंशातल्या. ओढ्यात आणि दगडगोट्यांत चारही चाके जोडावीत आणि परतताना डांबरी लागताच दांडी ओढून दोन मोकळी करावीत, हा त्या वाटेवरचा शहाणपणा पुस्तकातून नव्हे, हाताला आणि कानाला आलेल्या अनुभवातून शिकला जातो.

यंत्रज्ञांचे मात्र समाधान झाले नव्हते. इंग्लंडातील लँड रोव्हर १९४८ च्या एप्रिलअखेर ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात प्रथम मांडली गेली, तेव्हा तिच्यात चार चाकी ओढ कायम होती. पण पुढच्या शाफ्टवर सायकलीच्या फ्रीव्हीलसारखी एक योजना होती. पुढची चाके मागच्यांपेक्षा जलद फिरू लागली की ती आपोआप मोकळी होत. कल्पना सुबक होती. तथापि १९५० मध्ये ती सोडून देऊन तेथेही हाताने जोडण्याची साधी पद्धत आणण्यात आली. ट्रॅक्टरमुळे विख्यात झालेल्या हॅरी फर्ग्युसन यांच्या संशोधन-संस्थेने याच काळात वेगळा आग्रह धरला. चार चाकी ओढ ही चिखलापुरती नव्हे, साध्या रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी हवी, आणि म्हणून तिच्या मध्यभागी डिफरन्शियल असलेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. फर्ग्युसन १९६० मध्ये निवर्तले. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात ओल्टन पार्कच्या ओल्या मार्गावर स्टर्लिंग मॉस यांनी त्यांच्या संस्थेची चार चाकी ओढीची मोटार चालवून शर्यत जिंकली. १९६६ मध्ये हीच पद्धत जेन्सन कंपनीने एका प्रवासी मोटारीत घातली. पण गाडी फार महाग पडली आणि अवघ्या ३२० तयार होऊन १९७१ मध्ये ती बंद झाली. दरम्यान १९७० मध्ये निघालेल्या रेंज रोव्हरने मधले डिफरन्शियल आणि ते जखडण्याची सोय या दोहोंचा मेळ घालून दाखविला होता.

इतके सारे झाल्यावरही जर्मनीतील ऑडी कंपनीला तोच धडा नव्याने गिरवावा लागला. १९७६-७७ च्या हिवाळ्यात फिनलंडच्या बर्फावर चाचण्या चालू असता, कमी शक्तीच्या एका चार चाकी लष्करी गाडीने जास्त शक्तीच्या मोटारींना मागे टाकलेले योर्ग बेन्सिंगर या अभियंत्याने पाहिले. तसलीच ओढ त्यांनी प्रवासी मोटारीत बसविली. पहिल्या नमुन्यात मधले डिफरन्शियल नव्हते आणि बर्फावर त्याची उणीवही कोणाला भासली नाही. पण फोक्सवागनचे संशोधनप्रमुख एर्न्स्ट फियाला यांच्या पत्नी ती मोटार घेऊन व्हिएन्नात बाजाराला गेल्या आणि घरी आल्यावर त्यांनी तक्रार केली की, आवळ वळण घेताना ही गाडी उड्या मारते. मधले डिफरन्शियल हवेच असा निर्णय त्यानंतर झाला, ही हकीकत त्या मोटारीच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. बर्फाच्या कड्यावर जी त्रुटी लपून राहिली ती शहरातल्या कोरड्या फरसबंदीने उघडी पाडली. ऑडीच्या कारागिरांनी गिअरबॉक्समधील शाफ्ट पोकळ करून त्याच्या पोटातून दुसरा शाफ्ट नेला आणि अगदी थोड्या जागेत तिसरे डिफरन्शियल बसविले. १९८० च्या मार्चमध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात ही क्वात्रो मोटार लोकांपुढे आली. या कामाला पाठबळ देणारे ऑडीचे तंत्रप्रमुख फर्डिनंड पीएख हे १९०० च्या त्या विद्युत्‌-गाडीचे कर्ते पोर्श यांचे नातू होते, हाही एक योगायोगच.

त्यानंतर साधनांची रेलचेल झाली. काहींनी दोन शाफ्टांच्या टोकांना चकत्या बसवून त्यांच्यामध्ये घट्ट सिलिकोन तेल भरले. थोडा फरक ते चालू देते, फार झाला की आवळून धरते. काहींनी मळसूत्री दंतचक्रांचे स्वतःच आवळणारे डिफरन्शियल वापरले. आता संवेदक आणि संगणक क्षणाक्षणाला चाकांचे फेरे मोजून लहानशा क्लचने मागचा आस हवा तेव्हा जोडतात, नको तेव्हा सोडतात. पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटरी असलेल्या विजेच्या गाड्यांत तर दोन आसांना जोडणारा शाफ्टच उरलेला नाही. पीळ पडावयाचा तो कोठे पडणार? पोर्शने सव्वाशे वर्षांपूर्वी जे केले होते त्याच दिशेला यंत्रविद्या फिरून आली आहे.

तरीही जुनी दांडी इतिहासजमा झालेली नाही. थार किंवा जिम्नी यांसारख्या, आज आपल्या रस्त्यांवर हौसेने फिरणाऱ्या गाड्यांत चार चाकी ओढ जोडली की पुढचा आणि मागचा आस जीपप्रमाणेच घट्ट बांधला जातो. चारही चाके जोडली म्हणजे गाडी अधिक सुरक्षित, अशी समजूत सर्वत्र आढळते. कोरड्या घाटरस्त्यावर ती खोटी ठरते. हेअरपिन वळणावर जखडलेली गाडी वळण्याऐवजी बाहेरच्या अंगाला रेटली जाते, आणि त्या अंगाला दरी असते. दुसरा गैरसमज ब्रेकांचा. गाडी थांबविण्यासाठी प्रत्येक मोटारीत चारही चाकांना ब्रेक असतातच. चार चाकी ओढीने गाडी सुटते लवकर, पण थांबते तितक्याच अंतरात. ओढीच्या जोरावर वेग वाढविणाऱ्याला याचा विसर पडला, तर त्याची किंमत यंत्रालाच मोजावी लागते असे नाही.

म्हणून गाडी घेणाऱ्याने प्रथम एवढेच विचारावे की, या गाडीच्या मध्यभागी डिफरन्शियल किंवा त्याचे काम करणारी योजना आहे की नाही. असल्यास डांबरीवर निश्चिंत असावे. मात्र जखडण्याची कळ कोरड्या सडकेवर दाबू नये. नसल्यास चिखल, वाळू, बर्फ आणि ओढे यांपुरतीच चारांची जोडणी राखावी आणि पक्का रस्ता लागताच ती सोडावी. चाकांना एकत्र बांधण्याची युक्ती यंत्रज्ञांना लवकर साधली. त्यांना योग्य वेळी मोकळे सोडण्याची युक्ती साधावयास फार काळ लागला. ज्या गाडीत ती युक्ती यंत्रात नाही, तेथे ती चालकाच्या हातात असली पाहिजे.